लिलिथ, हडळ आणि बाळंतिणीची खोली

पनवेल शहरात बेथ एल नावाचे सिनेगॉग आहे. 1849 सालचे. पिढ्यान्पिढ्या पनवेलमध्ये राहणाऱ्या आपल्या अनेक कार्यकर्त्यांनाही ते कोणाचे, हे सांगता येत नाही. ते बेने इस्रायल समाजाचे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. घरची भाषा मराठी. समुद्रातून आलेल्या माणसालाही गावगाड्याने आधी जात दिली आणि मग जागा दिली, एवढे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

हा लेख ज्यू लोककथांतल्या राक्षसिणींविषयी आहे. आंबेडकरी वाचकांसमोर हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. कारणे दोन आहेत. आपल्या तरुण-तरुणींच्या मोबाइलवर गेली काही वर्षे 'लिलिथ' फिरते आहे: आदामची पहिली बायको, समतेसाठी एदेन बाग सोडून गेलेली जगातली पहिली बंडखोर स्त्री. हे अर्धेच खरे आहे. दुसरे कारण वस्तीतले. आम्ही पनवेल परिसरातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. बाळंतीण तापली, बाळ दूध ओढेनासे झाले, की आजही कोणीतरी 'बाहेरची बाधा' म्हणतेच आणि दवाखाना गाठायला उशीर होतो. मोबाइलवरची लिलिथ आणि वस्तीतली बाधा यांचे मूळ एकाच खोलीत आहे. ती खोली बाळंतिणीची.

लिलिथ ज्यूंनी घडवलेली नाही. आजच्या इराकमध्ये, प्राचीन मेसोपोटेमियात, अक्कदी भाषेतल्या मंत्रांत 'लिलू', 'लिलीतू', 'अर्दत लिली' अशी नावे येतात. अर्दत लिली म्हणजे लग्नाचे सुख न मिळता मेलेली तरुण पोर, जी पुढे पुरुषांना झपाटते. त्याच प्रदेशात लमाश्तू होती. अनू या मोठ्या देवाची ही लेक गरोदर बायकांच्या पोटाला हात लावायची आणि दाईच्या हातून मूल ओढून न्यायची. तिला पळवायला बायका पाझुझू नावाच्या दुसऱ्या राक्षसाचे मुंडके गळ्यात घालत. विषावर विषाचा उतारा. आपल्याकडच्या भगतांचे तर्कशास्त्र यापेक्षा वेगळे नाही.

हिब्रू बायबलमध्ये लिलिथ एकदाच येते. यशया, अध्याय 34, वचन 14. उजाड झालेल्या देशाचे वर्णन आहे, कोल्हे, रानबोके फिरताहेत, आणि त्यांच्यात लिलिथ विसावते. ना आदाम, ना बंड. 1611 च्या इंग्रजी बायबलने तर तिथे सरळ घुबड घातले. ज्यांना लिलिथ म्हणजे 'बायबलने दडपलेली नायिका' वाटते, त्यांनी हे एक वचन काढून वाचावे. तिथे दडपण्यासारखे काही सापडणार नाही.

तिचे अंग भरत गेले ते बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत संकलित झालेल्या धर्मचर्चेत. तिथेही चार-पाच ठिकाणी ओझरते उल्लेख आहेत. तिला पंख आहेत. तिचे केस लांब आणि मोकळे आहेत. पुरुषाने घरात एकट्याने झोपू नये, लिलिथ धरते. मोकळ्या केसांचा उल्लेख कुठे आला आहे ते पाहा: हव्वेला मिळालेल्या शापांची यादी चालली आहे आणि बाईने लिलिथसारखे केस वाढवणे हा त्यातलाच एक शाप म्हणून मोजला आहे. म्हणजे राक्षसीण आणि घरातली बाई यांच्यातली भिंत पहिल्यापासूनच पातळ आहे.

तालमूदमध्येच आणखी एक जण भेटते, अग्रत बत महलत. महलतची लेक अग्रत. ती एक लाख ऐंशी हजार संहारक दूतांची फौज घेऊन रात्री फिरते. हनिना बेन दोसा या साधुपुरुषाने तिला माणसांच्या वस्तीतून कायमचे हद्दपार केले. तिने विनवणी केली, थोडी तरी जागा ठेव. मग त्याने बुधवारची आणि शनिवारची रात्र तिला मोकळी ठेवली. त्या रात्री एकट्याने बाहेर पडायचे नाही, हा नियम तिथून आला. आम्हाला या कथेत गंमत वाटते ती वाटाघाटीची. राक्षसिणीलाही हद्द ठरवून देतात, वार ठरवून देतात, आणि ठरवणारा नेहमी पुरुष असतो.

यापेक्षा मोलाचा पुरावा पुस्तकांबाहेरचा आहे. निप्पूर या इराकमधल्या जुन्या शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1888 पासून उत्खनन केले. तिथल्या घरांत मातीचे वाडगे निघाले, आतून शाईने गोलगोल लिहिलेले, अरमाईक भाषेतले. साधारण पाचव्या ते सातव्या-आठव्या शतकातले. जेम्स माँटगोमरी यांनी 1913 मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. पुढे असे शेकडो वाडगे सापडले. ते उंबऱ्याखाली किंवा घराच्या कोपऱ्यांत पालथे पुरत, म्हणजे राक्षसीण खाली कोंडली जाते. ज्यूच नव्हे, शेजारच्या मँडियन आणि ख्रिस्ती लोकांचेही असे वाडगे आहेत. मंत्र लिहिणाऱ्याचा धर्म एक आणि गिऱ्हाईकाचा दुसरा, असेही चाले. बाधेच्या धंद्यात धर्माची भिंत आड येत नाही, हे आपल्याला नवे नाही.

या वाडग्यांवर दोन गोष्टी फार बोलक्या आहेत. एक, गिऱ्हाइकाचे नाव आईच्या नावाने लिहिले आहे: अमक्या बाईचा मुलगा, तमक्या बाईची मुलगी. बाप संशयास्पद असू शकतो, आई नाही, आणि राक्षसिणीसमोर चूक परवडत नाही. एरवी बापाच्या नावाने चालणारा समाज भीतीच्या वेळी आईकडे वळतो. दुसरी गोष्ट, कित्येक वाडग्यांवर लिलिथला चक्क घटस्फोट दिला आहे. 'गेट' म्हणजे ज्यू कायद्यातला सोडचिठ्ठीचा कागद. त्याचीच भाषा वापरून, यहोशुआ बेन पेराहिया या जुन्या धर्मपंडिताचा हवाला देऊन, तिला बजावले आहे की तुला या घरातून सोडचिठ्ठी दिली, आता नीघ. गेट देण्याचा अधिकार ज्यू धर्मशास्त्रात नवऱ्याचा. नवरा देत नसेल तर बाई अडकून पडते आणि हा प्रश्न इस्रायलच्या धर्मन्यायालयांत आजही संपलेला नाही. ज्या कागदाने जिवंत बाई घराबाहेर जाते, त्याच कागदाने राक्षसीणही जाते. नकोशी बाई आणि भूत यांच्यासाठी व्यवस्थेकडे एकच अर्ज होता.

आणखी एक तपशील. वाडग्यांवर 'लिली' नर आहेत आणि 'लिलिथा' मादीही आहेत, जोडीने. पुढच्या कथांत नर मागे पडत गेला आणि भय सगळे बाईच्या नावावर जमा झाले.

आता ती प्रसिद्ध कथा. 'बेन सिराची वर्णमाला' हा ग्रंथ साधारण आठव्या ते दहाव्या शतकातला. आदाम आणि लिलिथ दोघांना देवाने एकाच मातीतून घडवले. संभोगाच्या वेळी खाली कोणी राहायचे यावरून भांडण झाले. आपण दोघे समान आहोत, एकाच मातीचे आहोत, मी खाली राहणार नाही, असे तिचे म्हणणे. आदाम ऐकेना. तिने देवाचे गुप्त नाव उच्चारले आणि ती हवेत उडून गेली. देवाने तीन देवदूत पाठवले: सेनोय, सानसेनोय आणि सेमांगेलोफ. त्यांनी तिला समुद्रात गाठले. परत चल, नाहीतर तुझी रोज शंभर पोरे मरतील. ती म्हणाली, मरू देत, पण मी येणार नाही. मुलगा असेल तर आठ दिवस आणि मुलगी असेल तर वीस दिवस नवजात बाळावर माझी सत्ता राहील, मात्र जिथे तुमची नावे लिहिलेली दिसतील तिथे मी बाळाला हात लावणार नाही.

समतेचे वाक्य या कथेत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. एका मातीचा युक्तिवाद आपल्या कानाला ओळखीचा आहे. पण हा ग्रंथ वात्रट, टवाळखोर शैलीचा आहे आणि समतेचे वाक्य त्याने बोलायला दिले आहे ते राक्षसिणीला. समता मागणारी बाई पुढच्याच ओळीत बालघातकी ठरते. हाच तर या कथेचा डाव आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये 'झोहर' हा गूढवादी ग्रंथ आला आणि लिलिथ सैतानी जगाची राणीच झाली. शबाची राणी, जी स्वतः राज्य करत होती आणि सोलोमन राजाला कोडी घालत होती, तिलाही मध्ययुगीन लोककथांनी लिलिथच ठरवले. जर्मनीतल्या 'सेफेर हसिदीम' या बाराव्या-तेराव्या शतकातल्या ग्रंथात 'एस्ट्री' भेटते. ही भूत नाही, शेजारची जिवंत बाई आहे. रात्री केस मोकळे सोडून उडते आणि रक्त पिते. कोणी तिला जखमी केले, तर ज्याने मारले त्याच्याच घरची भाकरी आणि मीठ खाल्ल्याशिवाय ती वाचत नाही. इथे गोष्ट धोकादायक वळणावर येते. लिलिथला वाडग्याखाली कोंडता येते. एस्ट्रीला मात्र घर आहे, नाव आहे, जखम करता येईल असे शरीर आहे. सातपुड्यात डाकीण ठरवून मारलेल्या बायकांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको.

कोणी यावरून ज्यू धर्माला नावे ठेवू नयेत. ज्या काळात युरोपातले ज्यू बाळंतिणीच्या भिंतीवर तीन देवदूतांची नावे चिकटवत होते, त्याच काळात ख्रिस्ती युरोप ज्यूंनाच बालघातकी ठरवत होता. 1144 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे एक मुलगा मेलेला सापडला, पुढे आळ ज्यूंवर आला. 1475 मध्ये इटलीतल्या ट्रेंटो इथे तर आळावरून ज्यूंना जाळले. पोरे मारणारी म्हणून ज्यांनी लिलिथकडे बोट दाखवले, त्यांच्याकडेच दुसऱ्यांनी तेच बोट दाखवले.

आठ दिवस, वीस दिवस, हा आकडा कुठून आला? मुलग्याची सुंता आठव्या दिवशी होते, हे धार्मिक उत्तर. सुंतेच्या आदल्या रात्री युरोपातले ज्यू दिवे लावून, प्रार्थना म्हणत जागत. आपल्याकडे पाचवी-सटवीला काय करतात? पाटा-वरवंटा पुजतात, विळा ठेवतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत, जागरण करतात. हजारो मैलांचे अंतर, दोन वेगळे धर्म, पण धास्ती जन्मानंतरच्या त्याच आठवड्याची. आमचे वाचन असे: बाळाचा धनुर्वात. अस्वच्छ विळ्याने किंवा पात्याने नाळ कापली, जखमेला शेण-माती लागली, की जंतू आत जातात आणि बहुतेक वेळा सहाव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास बाळाचा जबडा मिटतो, दूध सुटते, अंग धनुष्यासारखे ताठते. अनेक देशांत या रोगाला सातव्या दिवसाचाच आजार म्हणत. धडधाकट जन्मलेले मूल आठवड्यात असे आखडून मेले, तर जंतू न पाहिलेली आई काय समजणार? कोणीतरी आले आणि धरले, हेच. तीच गत बाळंतज्वराची. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने 1847 मध्ये दाखवून दिले की डॉक्टरांनी हात नीट धुतले तर बाळंतिणी मरायच्या कमी होतात. त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत बहुतेक डॉक्टरांनी मानले नाही. त्याआधीची शतके तो दोष लिलिथच्या आणि सटवीच्या माथी होता.

मात्र नुसते 'अज्ञान' म्हणून थांबणे आम्हाला मान्य नाही. अज्ञान सगळ्यांचे सारखे असते, त्यातून घडलेली भुते मात्र सारखी नसतात. कोकणातली पाहा. ए. एम. टी. जॅक्सन, ज्यांचा 1909 मध्ये नाशिकला खून झाला ते कलेक्टर, यांनी शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती जमवल्या होत्या. त्यातला कोकणचा भाग एन्थोवेन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आणि आजही कोकणी माणसाच्या बोलण्यात भुतांची वर्गवारी सापडते. पुरुष भुतांना जात आहे: मुंजा हा मुंज झालेला, सोडमुंज न झालेला ब्राह्मण मुलगा, ब्रह्मसमंध हाही ब्राह्मणच. बायकांची वर्गवारी मात्र नवऱ्यावरून आणि गर्भाशयावरून. सवाष्ण मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात किंवा विटाळात मेली तर हडळ, अळवंतीण. गावागणिक नावे थोडी बदलतात, पण सूत्र बदलत नाही. अशा बाईने परत येऊ नये म्हणून उंबऱ्यात खिळा ठोकायचा, स्मशानाच्या वाटेवर राळे किंवा मोहरी पेरत जायचे. निप्पूरचा वाडगाही उंबऱ्याखालीच होता.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला, तो या वर्गवारीशेजारी ठेवून पुन्हा वाचा. जातीअंतर्गत लग्नाची चौकट टिकवायची तर नवरा मेलेली बाई ही 'अतिरिक्त स्त्री' ठरते. तिला जाळा किंवा आजन्म वैधव्यात कोंडा, हे दोन मार्ग त्यांनी उलगडून दाखवले. लावसट म्हणजे हीच अतिरिक्त स्त्री, मेल्यानंतरची. जिवंतपणी कोंडले, म्हणून मेल्यावर ती सूड घेईल ही धास्ती. ज्यांनी अन्याय केला त्यांनाच त्याची खात्री होती, एवढेच भुताच्या या समजुतीतून सिद्ध होते.

ब्राह्मणी वैद्यकाने तर हे ग्रंथातच लिहून ठेवले. 'कश्यपसंहिता' या बालवैद्यकाच्या ग्रंथात रेवतीकल्प नावाचा अध्याय आहे. तिथे 'जातहारिणी', म्हणजे जन्मलेले मूल हरण करणारी राक्षसी शक्ती, अधर्माने वागणाऱ्या बाईला धरते असे सांगितले आहे. ती कोणाच्या संपर्कातून येते, याची वर्णांनुसार आणि धंद्यांनुसार यादी आहे. त्या यादीत घरोघर फिरणाऱ्या परिव्राजिका आहेत, श्रमण परंपरेतल्या स्त्रिया आहेत, जैन साध्वी आहेत. भिक्षापात्र घेऊन दारात आलेली भिक्खुणी ही मूल मारणाऱ्या शक्तीची वाहक! धर्मसंघर्ष औषधाच्या पुस्तकात कसा शिरतो, याचा यापेक्षा ठळक नमुना आम्हाला माहीत नाही.

आता पुन्हा आपल्या शनिवार तेल्यांकडे. बेने इस्रायल समाज शतकानुशतके तालमूदच्या परंपरेपासून दूर होता. शनिवार पाळणे, आठव्या दिवसाची सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढे त्यांनी जपले. निप्पूरच्या वाडग्यांची विद्या त्यांच्यासोबत आली नाही. त्यांची श्रद्धा संदेष्टा एलियावर. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्याच्या रथाची खूण मानतात आणि शुभकार्यात त्याच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात. योगायोग असा की पश्चिमेकडच्या ज्यू ताईतांवर हाच एलिया बाळंतिणीकडे निघालेल्या लिलिथला वाटेत अडवतो आणि तिच्याकडून तिची सगळी नावे वदवून घेतो.

पण कोकणात राहून त्यांनी शेजाऱ्यांकडून काय घेतले? ज्यू धर्मशास्त्रात विधवेला पुन्हा लग्न करता येते. कोकणातल्या बेने इस्रायलांत विधवाविवाह निषिद्ध मानला जाऊ लागला. त्यांच्यात 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे भेद पडले. बाहेरच्या बायकांपासून झालेली संतती ती काळी, तिच्याशी लग्नव्यवहार नाही, भांडीसुद्धा वेगळी. राक्षसिणी बरोबर आणल्या नाहीत, पण बाईच्या उदरावर पहारा ठेवायची रीत गावगाड्याने शिकवली. आणि पहाऱ्याचा शेवट पाहा. 1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आदेश काढला की बेने इस्रायल माणसाचे लग्न लावण्याआधी त्याच्या आई-आजीचा वंश तपासावा. संशय काय, तर कोकणात त्यांचे घटस्फोट शास्त्रोक्त 'गेट'ने झाले असतील का, याचा. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. 1964 मध्ये संसदेत विषय गेला आणि धर्मपीठाला त्या आदेशातून या समाजाचे नाव काढावे लागले. ज्यांना इथे जातीने जागा दिली, त्यांनी तिथे संघर्ष करून जागा घेतली. आपल्या चळवळीने या लढ्याची नोंद घ्यायला हवी होती.

या सगळ्या गदारोळात एक चौदा वर्षांची मुलगी वेगळे बोलली. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे. 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापलेल्या निबंधात तिने मांग-महार बायकांच्या बाळंतपणाविषयी लिहिले. त्यांच्या घरावर छप्पर नसते, थंडी-पावसात त्या बाळंत होतात, त्यात काही रोग झाला तर वैद्याला द्यायला पैसा कुठून आणायचा, असा तिचा प्रश्न आहे. त्या परिच्छेदात हडळ नाही, सटवी नाही. छप्पर आहे, थंडी आहे, पैसा आहे. आजूबाजूची सगळी दुनिया बाळंतिणीच्या मरणात भूत पाहत असताना या पोरीने त्यात जात आणि दारिद्र्य पाहिले. आमच्या मते महाराष्ट्रातल्या आरोग्यविषयक लिखाणाची सुरुवात इथून मानायला हवी. आणखी एक गोष्ट तिच्या निबंधाशेजारी ठेवावी लागते. अनेक गावांत सुईण मांग समाजाची असे. नाळ कापायची, वार पुरायची, विटाळ उचलायचा तो तिने. मूल जगले तर सटवीची कृपा, मेले तर सुईणीची नजर. उत्तर प्रदेशात दलितांनी नाळ कापणे आणि मेलेली जनावरे ओढणे ही दोन्ही कामे नाकारली, त्या आंदोलनाला 'नारा-मवेशी' म्हणतात. ते समजून घेतले की सुईणीच्या विळ्याचे राजकारण कळते.

आता आपल्याच मित्रांशी थोडे भांडण. एक गट म्हणतो, साऱ्या राक्षसिणी म्हणजे बहुजनांच्या पराभूत राण्या, लिलिथसुद्धा तशीच. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त 1873 मध्ये बळीराजाची आणि राक्षसांची उलट मांडणी केली. ती बरोबर होती आणि ताटका-शूर्पणखेला ती लागूही पडते. अमेरिकेतल्या ज्यू स्त्रीवाद्यांनीही असेच केले. ज्युडिथ प्लास्को यांनी 1972 मध्ये लिलिथ आणि हव्वा मैत्रिणी होतात अशी कथा लिहिली. 1976 मध्ये 'लिलिथ' नावाचे नियतकालिक निघाले. बंडाला नाव हवे असते, त्यांनी ते घेतले, चांगले केले. पण हडळीच्या मागे राणी शोधू नका. तिच्यामागे अठरा-वीस वर्षांची, रक्त जाऊन मेलेली पोर आहे. तिला देवी केले काय आणि नायिका केले काय, ती कशाने मेली हा प्रश्न दोन्हीकडे गाडला जातो.

दुसरा गट हारितीचे नाव काढतो. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या त्या उजव्या छोट्या गाभाऱ्यात, मांडीवर मूल घेतलेली हारिती पांचिकाशेजारी बसली आहे. राजगृहातली ती यक्षिणी लोकांची मुले खायची. तिला पाचशे मुले. बुद्धाने तिचे धाकटे पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती रडत आली. पाचशेतले एक हरवले तर तुझे हे हाल, ज्यांना एकच असते त्यांचे काय, असे बुद्धाने विचारले. तिने हिंसा सोडली. आता माझी मुले खाणार काय, या तिच्या प्रश्नावर संघाने आपल्या जेवणातून रोज वाटा द्यायचे कबूल केले. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने विहारांत तिच्यासमोर अन्न ठेवलेले पाहिले. ही दंतकथा आहे, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तिची पूजा करायचे कारण नाही. शिवाय तीही बाईला शेवटी आईच करून थांबते, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. तरीही फरक दिसतो. पात्र इथेही पालथे आहे, पण ते तिला कोंडण्यासाठी नाही, तिला दुसऱ्या आईचे दुःख कळावे म्हणून आहे. आणि तिच्या भुकेची सोय केली आहे.

भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मान्य केले. गरोदरपणातली इंजेक्शने, निर्जंतुक पाते, दवाखान्यातली बाळंतपणे यांनी ते केले. वस्तीत आम्ही हेच सांगतो, आणि सोबत कायदाही सांगतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, एखादी व्यक्ती करणी करते किंवा भूत लावते असे भासवून तिचे जगणे अवघड करणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार. बाळंतिणीला ताप आला आणि घरात कोणी धुरीची तयारी करू लागले, तर आधी 108 ला फोन करून तिला दवाखान्यात हलवा आणि मग पोलीस ठाण्यात जा. कायद्याप्रमाणे पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायचा असतो. आपल्या ठाण्यात तो कोण आहे, हे प्रत्येक शाखेने या आठवड्यात विचारून नाव लिहून ठेवावे.